घंटा वाजलीच नाही तर? अलार्म व्यावसायिकांसाठी दायित्व विमा

समजा, एखाद्या सराफी पेढीत रात्री चोरी होते. पेढीत अलार्म बसविलेला असतो, त्याच्या वार्षिक देखभालीचा करारही चालू असतो. पण त्या रात्री भोंगा वाजत नाही आणि मालकाच्या मोबाइलवर संदेशही जात नाही. सकाळी पंचनामा होतो. पुढे काही आठवड्यांनी चाळीस लाख रुपयांच्या भरपाईची वकिली नोटीस निघते. चोर सापडलेला नसल्यामुळे ती नोटीस येते अलार्म बसविणाऱ्याच्या पत्त्यावर. यंत्रणा बसविण्याचे त्याला मिळालेले असतात जेमतेम साठ हजार रुपये.

अशा वेळी व्यावसायिकाला आपल्या विमापत्राची आठवण होते. 'सार्वजनिक दायित्व विमा' आपल्याकडे आहे, असे समजून तो निर्धास्त असतो. परंतु विमापत्राची मागची पाने उलटल्यावर एक वाक्य समोर येते : विकलेली वस्तू किंवा दिलेली सेवा अपेक्षित कार्य करण्यात अपयशी ठरल्यामुळे उद्भवणारे दायित्व या विम्यात समाविष्ट नाही. अलार्मच्या व्यवसायातील सर्वांत मोठी जोखीम या एका वाक्याने विम्याबाहेर गेलेली असते. म्हणूनच दायित्व विमा घेताना हप्ता किती, यापेक्षा 'घंटा वाजली नाही तर हा विमा लागू होईल का', हा प्रश्न प्रथम विचारणे आवश्यक ठरते.

जोखमीचे तीन प्रकार

अलार्म, सीसीटीव्ही आणि तत्सम सुरक्षा यंत्रणा बसविणाऱ्याची जोखीम ढोबळमानाने तीन भागांत विभागता येते.

पहिली जोखीम प्रत्यक्ष काम चालू असतानाची. भिंतीत ड्रिल मारताना आतली विजेची तार, पाण्याची वा पाइप गॅसची नळी फुटणे, शिडी घसरून दुकानातील काचेचे शोकेस फुटणे, जिन्यात पसरलेल्या वायरीत पाय अडकून एखादी वृद्ध व्यक्ती पडणे, हे त्यातले नेहमीचे प्रसंग. यात त्रयस्थ व्यक्तीला इजा होते किंवा तिच्या मालमत्तेचे नुकसान होते.

दुसरी जोखीम काम संपल्यानंतरची. मोशन सेन्सरसमोर कोणीतरी कपाट आणून ठेवतो, पॅनेलमधील बॅटरी जुनी होऊन निकामी होते, डायलरमधील सिमकार्डचा रिचार्ज संपतो, उंदीर वायर कुरतडतात, वारंवार खोटा अलार्म वाजतो म्हणून एक झोन बंद करून ठेवला जातो. यांपैकी काही दोष ग्राहकाचे, काही बसविणाऱ्याचे, तर काही देखभाल करणाऱ्याचे. वाद उद्भवतो तेव्हा मात्र दोष कोणाचा, हे ठरेपर्यंत वकिलाचा आणि तज्ज्ञाचा खर्च करावाच लागतो.

तिसरी जोखीम स्वतःच्या माणसांची. उंचावर काम करणारा तंत्रज्ञ पडून जायबंदी होऊ शकतो. तसेच ग्राहकाच्या यंत्रणेचा संकेतांक ठाऊक असलेला कर्मचारीच फितूर होऊ शकतो. या प्रत्येक जोखमीसाठी वेगळे विमापत्र असते. एकाच कागदावर सगळे भागेल, ही समजूत महागात पडते.

कायद्याची चौकट

पूर्वी 'आम्ही फक्त माल बसवून दिला' असे म्हणून हात झटकता येत असत. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'उत्पादन दायित्वा'चे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यानुसार उत्पादक, उत्पादनाशी निगडित सेवा देणारा आणि विक्रेता या तिघांवर वेगवेगळी जबाबदारी येते. सेवा सदोष असणे, वापराच्या पुरेशा सूचना वा इशारे न देणे, दिलेल्या हमीप्रमाणे सेवा नसणे या कारणांवरून सेवा देणाऱ्याला भरपाई द्यावी लागू शकते. जोडणी, तपासणी किंवा देखभाल करताना वाजवी काळजी न घेणारा विक्रेताही यातून सुटत नाही. उत्पादक कोण हे कळत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर उत्पादकाच्या जागी विक्रेत्याला उभे राहावे लागू शकते. बाजारात स्वस्तात मिळणारे, नाव-गाव नसलेले आयात पॅनेल बसविणाऱ्यांनी ही तरतूद विशेष लक्षात ठेवावी.

तक्रार कोणत्या आयोगाकडे करायची, हे आता मागितलेल्या भरपाईवर अवलंबून नसून ग्राहकाने मोजलेल्या किमतीवर ठरते. पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. म्हणजे साठ हजारांच्या अलार्मबाबत चाळीस लाखांची मागणी असली, तरी ती आपल्याच जिल्ह्यात दाखल होते. तक्रारीसाठी सामान्यतः दोन वर्षांची मुदत असते. व्यापारी कारणासाठी यंत्रणा घेणारा दुकानदार 'ग्राहक' ठरतो की नाही, यावर वाद होऊ शकतो. परंतु घरमालकाच्या बाबतीत तो प्रश्न सहसा येत नाही. दुकानदाराला दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला असतोच.

आणखी एक बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. ग्राहकाला त्याच्या घरफोडी विम्यातून भरपाई मिळाली, म्हणजे प्रकरण मिटले असे नव्हे. भरपाई देणाऱ्या विमा कंपनीला ग्राहकाचे हक्क प्राप्त होतात आणि ती नुकसानीस जबाबदार असणाऱ्याकडून रक्कम वसूल करण्याचा प्रयत्न करू शकते. यालाच 'सबरोगेशन' म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मधील एका निकालात त्याचे सविस्तर विवेचन केले आहे. उलटपक्षी, ग्राहकाला भरपाई नाकारली गेली तरी रोख अलार्मवाल्याकडेच वळतो. घरफोडी विम्यात बळजबरीने प्रवेश झाल्याची अट असेल, तर तिचा अर्थ विमापत्रातील शब्दांप्रमाणेच लावावा लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले. बनावट चावीने झालेल्या चोरीत ही अट आडवी येऊ शकते. मग नुकसान कोणाकडून तरी भरून घ्यायचे, म्हणून व्यापारी यंत्रणेतील दोष शोधू लागतो.

कोणते विमापत्र कशासाठी?

सार्वजनिक दायित्व विमा : काम करताना त्रयस्थाला झालेली शारीरिक इजा आणि मालमत्तेचे नुकसान यासाठी. येथे नावाचा घोळ टाळावा. भोपाळ वायुदुर्घटनेनंतर आलेल्या १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखालील सक्तीचा विमा हा घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आहे. अलार्म व्यावसायिकाला हवे असते ते 'बिगर-औद्योगिक जोखमी'चे ऐच्छिक विमापत्र.

उत्पादन दायित्व विमा : विकलेल्या वस्तूतील दोषामुळे इजा किंवा नुकसान झाल्यास. उदाहरणार्थ, पॅनेलमधील बॅटरीने पेट घेऊन दुकान जळाले तर. चोरी रोखण्यात यंत्रणा अपयशी ठरली, तर मात्र हा विमा बहुधा उपयोगी पडत नाही.

व्यावसायिक दायित्व विमा : सल्ला, आराखडा, तपासणी, देखभाल यांतील चूक किंवा हयगय यामुळे ग्राहकाला झालेले आर्थिक नुकसान. इंग्रजीत 'प्रोफेशनल इंडेम्निटी' किंवा 'एरर्स अँड ओमिशन्स' या नावाने तो ओळखला जातो. डॉक्टर, वास्तुविशारद यांच्यासाठी तो परिचित आहे; तांत्रिक सेवा देणाऱ्यांनाही तो घेता येतो.

कामगार भरपाई विमा : कर्मचाऱ्याला कामावर अपघात झाल्यास. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यातील तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाल्या असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून भरपाई काढली जाते. कायमच्या पूर्ण अपंगत्वात हे प्रमाण ६० टक्के असते. कंत्राटदाराच्या कामगाराची जबाबदारी मूळ मालकावरही येऊ शकत असल्याने गृहनिर्माण संस्था व मॉल या विमापत्राची प्रत आधी मागतात. ठेक्यावर आणलेल्या वायरमनचा समावेश त्यात आहे, याची खात्री करून घ्यावी.

फिडेलिटी गॅरंटी विमा : कर्मचाऱ्याच्या अफरातफरीमुळे मालकाचे नुकसान झाल्यास. ग्राहकाच्या मालमत्तेची चोरी त्यात आपोआप येत नाही. तसा विस्तार वेगळा मागून घ्यावा लागतो. नेमणुकीपूर्वी पोलिस पडताळणी झाली आहे का, हा प्रश्न येथे हमखास विचारला जातो.

ज्यांच्याकडे ग्राहकांचे कॅमेरे दूरस्थ पद्धतीने पाहण्याची सोय किंवा संकेतांकांची नोंद असते, त्यांनी सायबर विम्याचाही विचार करावा. चित्रीकरण बाहेर फुटल्यास निर्माण होणारा दावा सार्वजनिक दायित्व विम्यात सहसा बसत नाही.

कळीचा अपवाद

सार्वजनिक आणि उत्पादन दायित्वाच्या विमापत्रांत यंत्रणेच्या परिणामकारकतेविषयीचा अपवाद बहुधा असतो. त्यामागील तर्क सरळ आहे. शिडी पडली तर नुकसान एका काचेचे. अलार्म वाजला नाही तर नुकसान तिजोरीत जे असेल त्याचे. ही जोखीम मोजणे अवघड असल्याने कंपनी ती वेगळी काढते आणि जादा हप्ता घेऊनच, तीही अनेकदा कमी मर्यादेपर्यंत, स्वीकारते.

म्हणून विमा घेण्यापूर्वी कंपनीला लेखी प्रश्न विचारावा : 'आम्ही बसविलेली किंवा देखभाल केलेली यंत्रणा चालली नाही आणि त्यामुळे ग्राहकाकडे चोरी झाली वा आग पसरली, तर भरपाई मिळेल का? मिळत असल्यास कोणत्या कलमाखाली आणि किती रकमेपर्यंत?' उत्तरही लेखीच घ्यावे. एजंटाचे 'सगळे कव्हर आहे, काळजी करू नका' हे तोंडी आश्वासन दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही. अपवाद काढून टाकल्याची किंवा विस्तार दिल्याची नोंद विमापत्राला जोडलेल्या 'एन्डॉर्समेंट'मध्ये आली, तरच ती खरी.

व्यावसायिक दायित्व विमा घेतला, तरी 'व्यवसायाचे वर्णन' या रकान्याकडे लक्ष द्यावे. तेथे केवळ 'इलेक्ट्रॉनिक वस्तूंची विक्री' असे लिहिले असेल आणि दावा देखभालीतील चुकीचा असेल, तर अडचण उभी राहते. आराखडा, विक्री, उभारणी, देखभाल, दूरस्थ देखरेख यांपैकी जे जे काम केले जाते, ते सर्व नमूद असावे.

मर्यादा किती असावी?

विम्याची रक्कम आपल्या उलाढालीवरून न ठरविता ग्राहकाच्या संभाव्य नुकसानीवरून ठरवावी. फक्त सदनिकांचे काम करणारा आणि सराफ, औषधांची गोदामे, मोबाइलची दुकाने यांचे काम करणारा, या दोघांची उलाढाल सारखी असली तरी जोखीम सारखी नसते.

विमापत्रात दोन मर्यादा असतात : एका अपघातासाठीची आणि संपूर्ण वर्षासाठीची. त्यांचे प्रमाण १:१ ते १:४ असे असू शकते. एका अपघाताची मर्यादा २५ लाख आणि प्रमाण १:४ असेल, तर वर्षभरात एकूण एक कोटीपर्यंत संरक्षण मिळेल. पण एका घटनेसाठी २५ लाखांपेक्षा जास्त रक्कम मिळणार नाही. 'एक कोटीचा विमा' असे ऐकून समाधान मानणाऱ्याने हा फरक समजून घ्यावा. शिवाय वकिलाचा खर्च या मर्यादेतूनच वजा होतो की त्याव्यतिरिक्त मिळतो, आणि प्रत्येक दाव्यात पहिली किती रक्कम स्वतः सोसावी लागते, हेही पाहावे.

व्यवसाय एकल मालकीचा असेल तर ही बाब आणखी गंभीर होते. कायद्याच्या दृष्टीने मालक आणि व्यवसाय एकच असतात. न्यायालयाचा हुकूमनामा दुकानापुरता न थांबता राहत्या घरापर्यंत पोहोचू शकतो.

तारखांचे गणित

भारतातील दायित्व विमापत्रे बहुतांशी 'दावा दाखल' तत्त्वावर चालतात. म्हणजे दावा केला जाईल त्या दिवशी विमापत्र चालू असले पाहिजे आणि मूळ घटना किंवा चूक त्यातील 'पूर्वलक्षी तारखे'नंतरची असली पाहिजे. समजा, २०२२ मध्ये यंत्रणा बसविताना चूक झाली, २०२५ मध्ये चोरी झाली आणि २०२६ मध्ये नोटीस आली. व्यावसायिक दायित्व विम्यात पूर्वलक्षी तारीख २०२४ ची असेल, तर २०२२ मधील चूक विम्याबाहेर राहते. थोडा हप्ता वाचविण्यासाठी कंपनी बदलणारे अनेकदा याच ठिकाणी फसतात. नव्या कंपनीकडून जुनी पूर्वलक्षी तारीख कायम ठेवून घ्यावी. नूतनीकरणात खंड पडू देऊ नये. व्यवसाय बंद केल्यावरही दावे येऊ शकत असल्याने वाढीव सूचना-कालावधीची सोय आहे का, ते विचारावे. हप्ता जमा होण्यापूर्वी विमा कंपनी जोखीम स्वीकारत नाही, हा विमा कायद्यातील नियमही विसरू नये.

करारनामा आणि विमा

'चोरी झाल्यास कंपनी जबाबदार नाही' असे पावतीच्या तळाशी छापून ठेवण्याची प्रथा जुनी आहे. केवळ तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. बँकांच्या लॉकरबाबत २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बँकांना जबाबदारी पूर्णपणे झटकता येणार नाही, असे बजावले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नियम केले आणि १ जानेवारी २०२२ पासून आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची लबाडी अशा प्रसंगी बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटीइतके ठरविले. हा नियम अलार्म व्यावसायिकांना लागू नाही. परंतु जबाबदारी शून्य करण्यापेक्षा तिला वाजवी, स्पष्ट आणि ग्राहकाने स्वाक्षरीसह मान्य केलेली मर्यादा घालणे अधिक टिकाऊ असते, हा बोध त्यातून घेता येतो. ग्राहक कायद्यात अनुचित कराराविरुद्ध दाद मागण्याचीही तरतूद आहे.

याउलट 'शंभर टक्के सुरक्षेची हमी' किंवा 'चोरी झाल्यास पूर्ण भरपाई' असे जाहिरातीत वा करारात लिहिणे म्हणजे आपण होऊन संकट ओढवून घेणे होय. कायद्याने जेवढी जबाबदारी येते, तेवढीच विमा कंपनी उचलते. व्यावसायिकाने स्वखुशीने पत्करलेली वाढीव जबाबदारी सामान्यतः अपवादांच्या यादीत असते.

आगीच्या अलार्मचा वेगळा विचार

आगीचा अलार्म बसविणाऱ्याची जबाबदारी अधिक मोठी, कारण तेथे प्रश्न मालाबरोबर जिवाचाही असतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अशी कामे परवानाधारक संस्थेमार्फत करावी लागतात. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र इमारतीच्या मालकाला वा भोगवटादाराला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करावे लागते. या प्रमाणपत्रावरील स्वाक्षरी हीच उद्याच्या दाव्याचा पाया ठरू शकते. आगीच्या यंत्रणेची तपासणी करणाऱ्यांनी विमापत्रात 'तपासणी व प्रमाणन' हे शब्द आवर्जून घालून घ्यावेत. दंड आणि फौजदारी शिक्षा यांना विमा लागू नसतो; त्यामुळे न पाहता दिलेल्या प्रमाणपत्राला कोणताही विमा वाचवू शकत नाही.

अर्ज भरताना, दावा आल्यावर

विमा हा परस्पर विश्वासाचा करार असल्याने प्रस्ताव अर्जात काहीही लपवू नये. पूर्वीच्या तक्रारी, ठेकेदारांकडून करून घेतलेली कामे, सराफांसारखे जोखमीचे ग्राहक, उंचावरील काम या सर्वांची माहिती द्यावी. लपविलेली बाब दावा फेटाळण्याचे कारण होते. एजंट विमा कंपनीचे प्रतिनिधित्व करतो, तर परवानाधारक ब्रोकर ग्राहकाचे. अशा गुंतागुंतीच्या विम्यासाठी ब्रोकरकरवी दोन-तीन कंपन्यांचे प्रस्ताव मागवून त्यांतील अपवादांची यादी शेजारी शेजारी ठेवून वाचावी.

दावा आल्यास पुढील पथ्ये पाळावीत :

* नोटीस हाती पडताच, किंबहुना घटनेची कुणकुण लागताच, विमा कंपनीला लेखी कळवावे.
* कंपनीच्या संमतीवाचून चूक कबूल करू नये, भरपाईचे आश्वासनही देऊ नये.
* पॅनेलमधील घटनांची नोंद जपावी. पाहणी होण्यापूर्वी यंत्रणा दुरुस्त करू नये किंवा बदलू नये.
* बसविताना घेतलेल्या चाचणीचा अहवाल, ग्राहकाची स्वाक्षरी, दिलेल्या सूचना आणि देखभालीच्या भेटींच्या नोंदी एकत्र कराव्यात.

यातील शेवटचे काम दाव्यानंतर करता येत नाही. ते रोजच्या शिस्तीतूनच होते. 'सेन्सरसमोर कपाट ठेवले आहे, हलवावे' अशी सेवा-पत्रकावरील एक ओळ आणि तिच्याखाली ग्राहकाची सही चाळीस लाखांच्या वादात निर्णायक ठरू शकते.

कंपनीने दावा नाकारल्यास प्रथम तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. विमा नियामक प्राधिकरणाच्या 'बीमा भरोसा' या पोर्टलवरही तक्रार नोंदविता येते. एकल मालकीचे व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग यांना विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागण्याची सोय आहे. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालये मुंबई, पुणे आणि ठाणे येथे आहेत.

नव्याने व्यवसाय सुरू करणाऱ्याला एकाच वेळी सर्व विमे परवडतीलच असे नाही. अशा वेळी कामगार भरपाई आणि सार्वजनिक दायित्व यांपासून सुरुवात करावी. मात्र पहिला देखभालीचा करार किंवा पहिला सराफी ग्राहक मिळण्यापूर्वी, यंत्रणेचे अपयश समाविष्ट असलेला व्यावसायिक दायित्व विमा हाती असावा. ग्राहक अलार्म घेतो तो क्वचित उगवणाऱ्या एखाद्या रात्रीसाठी. तो बसविणाऱ्याचा विमाही त्याच रात्री उपयोगी पडेल, याची खात्री दिवसाउजेडी, विमापत्राची मागची पाने वाचूनच करून घ्यावी लागते.